बोलका बाहुला ते पिठाची बाहुली: मराठी मातीतल्या भयपटांचा मागोवा

मराठी मातीतला भयपट एका साच्यात कधी बसला नाही. भुताच्या सोबतीला कधी विनोद आला, कधी पोलिसी पाठलाग, कधी मनाचा आजार, तर कधी पुराणाच्या वळणाची कथा. त्यामागे हौस होती तशी पैशाची चणचणही होती. मराठी चित्रपट घरच्या सगळ्यांनी मिळून बघायचा. भीतीपायी निम्मे घर थिएटरकडे फिरकले नाही, तर निर्मात्याचा खर्च निघायचा कसा? त्यामुळे भयाला दुसऱ्या कुठल्यातरी रसाचा आधार घ्यावा लागला. या तडजोडीतून जे उभे राहिले त्यातले काही मात्र अस्सल निघाले.

वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ साली आला. आशा काळे आणि डॉ. काशिनाथ घाणेकर ही त्यातली प्रमुख जोडी. भय, रहस्य, मनाचा गुंता आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत एवढे सगळे त्यात एकत्र नांदते. गाणी आजही गायली जातात आणि अनेकांना चित्रपट आठवतो तो त्यांच्यामुळेच. पुढे १९८९ मध्ये सचिन पिळगांवकरांच्या ‘भुताचा भाऊ’ने भुताला सरळ घरातलेच माणूस करून टाकले. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यापुढे भय टिकणे शक्यच नव्हते, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने १९९३ साली हे मिश्रण खऱ्या अर्थाने जमवून आणले. मूळ कल्पना अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ सालच्या चित्रपटाची: मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो. मराठीत येताना त्या कल्पनेला पुरती इथली माती लागली. गुंड तात्या विंचू बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो, इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीने मरता मरता तो मंत्र म्हणतो आणि एका बाहुल्यात जाऊन बसतो. तो बाहुला येतो लक्ष्याच्या घरी. एका बाजूला तंत्रमंत्राची भीती, दुसरीकडे पोलिसांचा तपास, मध्ये गावाकडची प्रेमप्रकरणे आणि या सगळ्यावर लक्ष्या झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांचा विनोद. बाहुला खून करतो आणि संशय लक्ष्यावर येतो. लक्ष्या जीव तोडून खरे सांगतो, ऐकणारे हसतात. प्रेक्षकही हसतात, पण बाहुला जिवंत आहे हे त्यांना ठाऊक असते, म्हणून ते हसू घशात अडकते. विनोद आणि भय एकाच प्रसंगातून, एकाच वेळी निघतात. पुढच्या कितीतरी चित्रपटांना नेमके हेच साधले नाही.

तात्या विंचूचा बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून आलेली शब्दभ्रमाची कला आणि ‘अर्धवटराव’ हा बोलका बाहुला यांमुळे हे घराणे महाराष्ट्राच्या घराघरांत ओळखीचे होते. बोलक्या बाहुल्याचे तंत्र ऐकायला साधे वाटते. जबडा खालीवर होतो, डोळे फिरतात, मान वळते आणि आवाज दुसराच कोणीतरी देतो. ‘झपाटलेला’त तो आवाज दिलीप प्रभावळकरांचा होता. माणसाच्या रूपातला तात्याही त्यांनीच रंगवला, त्यामुळे देह बदलला तरी तात्या तोच राहिला. संगणकाची करामत हाताशी नसताना एका हातभर बाहुल्याने अख्ख्या पिढीची झोप उडवली. त्याचा जबडा नीट हलला नसता किंवा आवाजातला खरखरीत दरारा थोडा जरी उणा पडला असता, तर चित्रपट मुलांच्या खेळासारखा वाटला असता. कमी खर्चाच्या चित्रपटात सारा डोलारा अशा एखाद्या कारागिरीवर उभा असतो. १९९५ साली ‘झपाटलेला’ हा ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने हिंदीतही पोचला.

कोठाऱ्यांनी २००४ मध्ये ‘पछाडलेला’ केला. वाडा, इनामदाराचे भूत, भरत जाधव आणि श्रेयस तळपदे यांची धांदल असा त्याचा थाट होता. २०१३ साली ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला. तंत्र पुढे गेले होते, पण पहिल्या बाहुल्याची दहशत त्यात परतली नाही.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ १४ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झाला आणि विनोदाचा आधार पूर्णपणे बाजूला सरला. दिवस भरत आलेली नेहा, कर्जापायी शहर सोडून पळालेला नवरा, उसाच्या फडात दडलेले घर आणि त्या घरात तुळसाबाई. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींच्या खांद्यावर जवळजवळ सगळा चित्रपट उभा आहे. घर एक, पात्रे मोजकी, आणि भोवती ऊस. महाराष्ट्रातल्या वाचकाला उसाचा फड काही नवा नाही. पण उंच वाढलेल्या उसात शिरलेल्या माणसाला चार पावलांवर दिशा कळेनाशी होते, आणि कॅमेऱ्याने नेमके तेच पकडले. नेहा पळते, पळते आणि पुन्हा त्याच घरापाशी येते. भुताची गोष्ट, डांबून ठेवलेल्या बाईची गोष्ट, लोकसमजुतीची गोष्ट आणि पोटातल्या मुलीला नाकारणाऱ्या समाजाची गोष्ट, अशा चार गोष्टी एका फडात गुंफल्या गेल्या. भुतापेक्षा जिवंत माणसे जास्त भयंकर ठरतात, आणि हा धडा प्रेक्षकाला कोणी बोलून दाखवावा लागत नाही. फुरिया यांनीच २०२१ साली हा चित्रपट ‘छोरी’ नावाने हिंदीत पुन्हा केला.

या वाटेवरचा सर्वांत मोठा टप्पा ‘तुंबाड’. चित्रपट हिंदीत आहे, पण त्याची मुळे मराठी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने नारायण धारप यांची एक कथा सांगितली. धारप पुण्याचे, मराठीतले भयकथेचे नावाजलेले लेखक. ती भीती मनात मुरत राहिली आणि १९९७ मध्ये बर्वे यांनी पहिला खर्डा लिहिला. तेव्हा ते १८ वर्षांचे होते. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचले, कथेचा मात्र तिच्याशी संबंध नाही. पुढे २००९-१० मध्ये त्यांनी ७०० पानांचा चित्रमय आराखडा काढला. निर्माते आले आणि माघारी गेले. २०१२ साली चित्रीकरण झाले, संकलनानंतर ते मनासारखे उतरले नाही असे दिसले, तेव्हा पुन्हा लेखन आणि पुन्हा चित्रीकरण झाले. ते काम २०१५ मध्ये संपले. अभिनेते-निर्माते सोहम शाह या सगळ्यात ठाम उभे राहिले. तुटपुंज्या पैशात एवढा धीर धरणे हे तुंबाडचे पहिले आश्चर्य.

कथा १९१८ साली सुरू होते. सतत पाऊस पडणारे गाव, सरकारांचा पडका वाडा, साखळदंडाने बांधलेली कुजत चाललेली आजी. सोने आणि धान्य दोन्हींवर हावरेपणाने हात टाकणारा हस्तर हा देवीचा मुलगा देवांकडून शापित झालेला आहे. त्याला सोने मिळाले, पण अन्न नाही. त्याच्या लंगोटात मोहरा आहेत आणि त्या काढायच्या तर देवीच्या गर्भासारख्या लाल, ओल्या विहिरीत दोरीने उतरायचे, भोवती पिठाचे रिंगण काढायचे आणि पिठाची बाहुली पुढे करायची. भुकेला हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्यात लंगोट झटकून मोहरा पाडायच्या. घरोघरच्या डब्यातले पीठ, तेच आमिष आणि तेच संरक्षण. स्वयंपाकघरातल्या इतक्या साध्या वस्तूतून एवढे भय मराठी किंवा हिंदी पडद्यावर क्वचितच कोणी उभे केले असेल. पुढे नायक विनायकचा मुलगा पांडुरंग सुचवतो की एकदम सगळा लंगोटच घेऊ या. तो आणि बाप विनायक ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर अंगावर येतात. पांडुरंग आणि ती आजी, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या मुलानेच केल्या आहेत. लोभाच्या एका टोकाला लहान मूल आणि दुसऱ्या टोकाला कुजलेला जीव, आणि दोघांना देह एकच.

चित्रपट लोकभयकथा आहे, राक्षसपट आहे, देह कुजवणारी किळस आहे, पुराणाच्या वळणाची कथा आहे आणि वसाहतकाळाचे चित्रही. यातले शेवटचे अंग अनेकांच्या नजरेतून सुटते. आरंभी लोभाविषयीचे गांधीजींचे म्हणून प्रसिद्ध असलेले वचन पडद्यावर येते, आणि मधला भाग १९३३ च्या सुमाराच्या पुण्याचा आहे. त्याच पुण्यात नदीपलीकडे येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला होता. ८ मे १९३३ रोजी गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले, त्याच दिवशी त्यांची सुटका झाली आणि उर्वरित उपोषण येरवड्यातल्या ‘पर्णकुटी’ बंगल्यात पार पडले. विनायकच्या पुण्यात यातले काहीच ऐकू येत नाही. तिथे मोहरा आहेत, सावकार राघव आहे आणि विनायकच्या चैनी आहेत. एक माणूस आपणहून अन्न सोडतो आणि दुसऱ्याचे काही केल्या पोट भरत नाही, हा विरोध इतिहासाने जवळच ठेवलेला आहे. तो संवादात कुठे बोलून दाखवलेला नाही, आणि तेच योग्य आहे.

‘तुंबाड’ने २०१८ च्या व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ केला. तो मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. फिल्मफेअरमध्ये पंकज कुमार यांच्या छायाचित्रणासह कलादिग्दर्शन आणि ध्वनिसंयोजन यांना पुरस्कार मिळाले. त्या वेळी तिकीटबारीवर गर्दी बेताचीच होती. पुढच्या सहा वर्षांत लोकांनी तो घरच्या पडद्यावर पाहिला आणि एकमेकांना सांगितला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, आणि पहिल्या वेळच्या दुपटीहून जास्त कमाई करून गेला.