घरचा डबा आणा, सूट मिळवा!

बालमित्रांनो, उन्हाळ्यात तुमच्या गच्चीवर कुरडया वाळतात ना? माझ्या आईने त्याच विकून आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवला.

तिचा कारखाना म्हणजे आमचं स्वयंपाकघर! गहू ३ दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. ते पाणी मोरीत नाही, परसातल्या झाडांना. चीक काढून उरलेला चोथा शेजारच्या गाईला. वाळवायचं काम सूर्याचं, तेही फुकट!

उन्हाचं मोल किती? १९५९ साली मुंबईत ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम ४ महिने बंद! पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटवला. ऊन नसलं की असं इंधन जाळावं लागतं.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. मी ऐटीत आईला कागदी पिशव्या सुचवल्या. पावसाळ्यात कुरडया सादळल्या आणि गिऱ्हाइकांनी परत केल्या. माझ्या शहाणपणाने आईचं नुकसान! ती रागावली नाही. दारावर खडूने लिहिलं, ‘घरचा घट्ट झाकणाचा डबा आणा, २ रुपये सूट मिळवा.’ पिशवीचे पैसे वाचले, त्यातूनच सूट निघाली. कचराही नाही!

तुमच्या घरी एखादा उद्योग असेल, तर आज आईबाबांसोबत बसा. रोज काय फेकलं जातं, ते लिहा. त्यातलं कुणाच्या उपयोगी काय पडेल? शोधा बरं!