मार्जारमिनांचा आहार, जलजीवालयातील

सिल्युरिफॉर्मीस गणातील ज्या माशांच्या मुखाभोवती मांजराच्या मिशांसारख्या स्पृशा असतात, त्यांना मार्जारमीन म्हणतात. शोभेसाठी विकली जाणारी त्यांची पिले बोटभर लांबीची असतात. परंतु काही जाती पूर्ण वाढल्यावर एक मीटरहून लांब होतात. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन व ओरिनोको खोऱ्यांतील तांबड्या शेपटीचा मार्जारमीन (फ्रॅक्टोसेफॅलस हेमिऑलिऑप्टेरस) हे याचे ठळक उदाहरण होय. निसर्गात तो मासे, खेकडे आणि पाण्यात पडलेली फळेही खातो. बंदिवासात मात्र त्याला बहुधा एकाच प्रकारचे मांस दिले जाते, तेही गरजेपेक्षा अधिक. बऱ्याच विकारांचे मूळ येथेच असते.

सस्तन प्राण्यांच्या मांसातील घट्ट वसा माशांना नीट वापरता येत नाही. ती यकृतात साठते. जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची प्रथाही सदोष आहे. त्यांच्याबरोबर परजीवी येतात; शिवाय गोल्डफिश व इतर काही माशांच्या ऊतींत थायामिनेज हे एंझाइम असते व ते ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते. अमेरिकेत १९३०–४० या दशकात कच्चे मासे खाणाऱ्या पाळीव कोल्ह्यांना झालेल्या पक्षाघातावरून हा दोष प्रथम लक्षात आला. उकळल्याने हे एंझाइम निष्क्रिय होते. क जीवनसत्त्व बहुतेक अस्थिमत्स्यांना स्वतः तयार करता येत नाही. त्याच्या अभावी मार्जारमिनांचा पाठीचा कणा वाकतो. हे जीवनसत्त्व साठवणीत नाश पावत असल्याने जुने खाद्य वापरू नये.

तळाशी बुडणाऱ्या, मत्स्यचूर्णयुक्त गोळ्या हा आहाराचा पाया असावा. जोडीला तिलापियाचे काटे काढलेले तुकडे, उकडलेली कोळंबी व गांडुळे आलटूनपालटून द्यावीत. पिलांना रोज, तर प्रौढांना आठवड्यातून दोन-तीन वेळा खाद्य पुरते. पोट किंचित गोलसर दिसताच थांबावे. हा मासा भुकेला दिसतो म्हणून तो भुकेला असतोच असे नाही. मार्जारमीन मुख्यत्वे निशाचर असल्याने दिवे मालवल्यावर खाद्य देणे इष्ट. उरलेले तुकडे लगेच काढावेत, अन्यथा ते कुजून पाण्यात अमोनिया वाढतो.

सर्वच मोठे मार्जारमीन मांसभक्षक नसतात. बाजारात ‘सकर’ या नावाने मिळणारे टेरिगॉप्लिक्थिस प्रजातीतील मासे शैवल व तळाचा गाळ खरवडून खातात. त्यांना काकडी, उकडलेला पालक, वाटाणे द्यावेत. पॅनॅक प्रजातीतील मासे लाकूड खरवडतात. पण त्यातील सेल्युलोज त्यांना फारसे पचत नाही, म्हणून केवळ लाकडावर त्यांना ठेवणे म्हणजे उपाशी ठेवणेच होय.

खाद्य तोडून मासा टाकीच्या मापाचा ठेवता येतो, ही समजूत घातक आहे. वाढ मंदावते हे खरे; पण मासा रोडावतो आणि रोगांना सहज बळी पडतो. टाकी जर त्याच्या प्रौढ आकाराला पुरणारी नसेल, तर तो मुळात घेऊच नये.