लांब म्हणजे किती? जळगाव ते अकोला, आकाशातून

मागच्या वेळी शेगावच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, जळगाव आणि अकोला या दोन विमानतळांमध्ये अंतर किती, आणि विमानाला वेळ किती लागेल? जळगाव म्हणजे खानदेशातलं, आपलं जळगाव जामोद नव्हे.

अंतर काढू. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत १.४३ अंशांचा फरक आहे. आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश साधारण १०४ किलोमीटर भरतो, म्हणजे पूर्व-पश्चिम १४९. अक्षांशांत पाव अंशाहून थोडा जास्त फरक, तो २९ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की सुमारे १५२ येतात. नकाशावर ही रेघ ओढली तर ती जवळजवळ मलकापूर, नांदुरा, शेगाववरूनच जाते! १८६० च्या दशकात इंग्रजांनी नागपूरकडे नेलेला लोहमार्ग इतका सरळ आहे, की रुळावरून हेच अंतर फक्त १६४ होतं.

आता वेळ. पंख्याचं लहान विमान ताशी ५०० किलोमीटरने जातं. हिशेबाने १८ मिनिटं. पण विमान धावपट्टीवर सरकतं, चढतं, वेग धरतो न धरतो तोच उतरायला लागतं. तेव्हा ३५-४० मिनिटं धरा. वर तासभर आधी हजेरी. एक्सप्रेस गाडी अडीच तासांत पोचवते. आणि शेगावच्या माणसाने अकोल्याला जाण्यासाठी सव्वाशे किलोमीटर उलटं जळगावला जायचं, मग विमानात बसून स्वतःच्याच घरावरून उडायचं!

वैशेषिकांनी दिक् आणि काल ही दोन वेगळी द्रव्यं मानली. परत्व आणि अपरत्व, म्हणजे लांबपण आणि जवळपण, हे गुण; पण ते अपेक्षाबुद्धीने उपजतात. कुणाला, कुठून, कशाच्या तुलनेत लांब, हे ठरवल्याशिवाय 'लांब' हा शब्द उभाच राहत नाही. आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो.

आम्ही मुंबईत असताना संध्याकाळी निरोप आला, मलकापूरला थोरल्या बहिणीची प्रकृती बिघडली आहे. रात्रीची नागपूरची गाडी मिळत होती, पहाटेआधी मलकापूर. आम्ही म्हटलं, सकाळचं औरंगाबादचं विमान घेऊ, तासाभरात पोचू. पोचलो, पण औरंगाबादला! पुढे मोटारीने साडेचार तास. दुपारी अंगणात शिरलो तेव्हा माणसं आमच्यासाठीच खोळंबली होती. ताई सकाळी सातला गेल्या. आम्ही दोन विमानतळांमधला वेळ मोजला होता, आमच्या दारापासून ताईंच्या खाटेपर्यंतचा मोजला नव्हता.

म्हणून त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं, की जळगाव–अकोला विमान मागू नका. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी अपुरी आहे, तिच्या विस्ताराचा प्रश्न जागेपायी वर्षानुवर्षं रेंगाळला. तो धरून ठेवा. अकोला–मुंबई हवाई अंतर ४७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वा तास. शेगावहून शिवणीला मोटारीने तासभर, हजेरीचा तास, उतरल्यावर मुंबईतला तास-दीड तास, सगळं धरून पाच तासांच्या आत. रेल्वेने शेगाव–मुंबईला सारी रात्र जाते.