ग्रीसला नो एन्ट्री!

कुणाला विंटेज बुलेटचं वेड, कुणाला ग्रामोफोनचं. इथे ओहायोत मला भेटलेली मंडळी त्याहून हटके. शंभरी गाठलेली सुतारकामाची मशिन्स भंगारातून उचलायची, गंज खरवडायचा, रंग मारायचा आणि त्यांच्यावर चक्क लाकूड कापायचं! आठवडाभर कोड लिहिणारा मी शनिवारी अशाच एका रिटायर्ड काकांच्या गॅरेजमध्ये हात काळे करायला जातो.

काकांची लाडकी म्हणजे क्रेसेंट कंपनीची बँडसॉ, दोन मोठ्या चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरवणारी करवत. याच राज्यातल्या लीटोनिया गावची. रंग झकास, पण तिचा जीव आहे बेअरिंगमध्ये. तिथे आपल्या ओळखीचे छर्रे नाहीतच. शाफ्ट फिरतो तो बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूत: कथील, अँटिमनी, तांबं. आयझॅक बॅबिटने १८३९ साली पेटंट घेतलेली आयडिया. फिरणारा शाफ्ट तेल स्वतःबरोबर ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. थर तुटला की खेळ खलास! कथिलाचं बॅबिट २५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळायला लागतं. मग जुनं काढा, नवं ओता, घासून बसवा.

नवशिके इथेच फसतात. तेल सारखं गळतं म्हणून वैतागून ग्रीस ठासतात. ग्रीस तेलाच्या वाटा बुजवून बसतं आणि थर काही धरत नाही. अहो, तेल गळणारच! जाताना ते घाण आणि थोडी उष्णताही घेऊन जातं. फक्त चाकाच्या रबरावर किंवा लाकडावर सांडू देऊ नका. डागावर पॉलिश धरत नाही.

तेल कुठलं? साधं, नॉन-डिटर्जंट. गाडीच्या इंजिन ऑइलमधलं डिटर्जंट घाण तरंगती ठेवतं, फिल्टरपर्यंत न्यायला. इथे फिल्टर आहेच कुठे? आणि खोबरेल तर नकोच, चिकटून बसतं.

छर्रेवाल्या, नंतरच्या मशिन्सना मात्र ग्रीस चालतं. तेही मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच. जास्त भरलं तर घुसळून तेच तापतं.

टेस्ट एकदम सिंपल. थोडं चालवून मशीन बंद करा, चाकं पूर्ण थांबू द्या आणि बेअरिंगच्या टोपीवर हात ठेवा. कोमट लागली तर बिनधास्त पुढे. हात ठेववत नसेल, तर आज सुट्टी!