श्रेणीबद्ध नाण्यांवरील अतिरिक्त गुणवत्ता-चिन्हे : उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात, दौंड-सोलापूर लोहमार्गावर वसलेले केम हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी महाराष्ट्रात परिचित आहे. कुंकवाचा आणि जुन्या नाण्यांचा संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात जुने नाणे बहुधा देवघरातच जपले गेले आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बंदा रुपया बाहेर काढावा, चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करावा, त्यावर हळदकुंकू वाहावे आणि पुन्हा डबीत ठेवावा, ही रीत अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. श्रद्धेच्या दृष्टीने अशा नाण्याचे मोल वाढत जाते. नाणकशास्त्राच्या दृष्टीने मात्र प्रत्येक घासण्याबरोबर त्याच्या पृष्ठभागावरील माहिती पुसली जाते.

जुन्या नाण्यांचा बाजार आता केवळ जाणकार संग्राहकांपुरता राहिलेला नाही. सीलबंद पारदर्शक पेटीत ठेवलेली, अंकात श्रेणी दिलेली नाणी लिलावांत चढ्या भावाने विकली जातात आणि त्या किमतींची वार्ता सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचते. या पेट्यांवर श्रेणीच्या अंकाशेजारी कधी अधिक चिन्ह, कधी तारा, कधी रंगाची किंवा झळाळीची नोंद असते. ही अतिरिक्त चिन्हे मिळवण्यासाठी खर्च करणे अथवा ती असलेल्या नाण्यासाठी जादा किंमत मोजणे कितपत योग्य आहे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्रेणीकरणाची पद्धत

नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० असा अंक देण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली. ती अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंट नाण्यांपुरती होती. जेमतेम ओळखता येणाऱ्या नाण्याला १ आणि निर्दोष नाण्याला ७० असे हे माप होते. यामागील कल्पना अशी की, ७० अंकाच्या नाण्याची किंमत १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. म्हणजेच या मापाचा उगम भौतिक मोजमापात नसून तत्कालीन बाजारभावात आहे. भावांचे ते गणित लवकरच कालबाह्य झाले. अंक मात्र टिकून राहिले. पुढे अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७० च्या दशकात हे माप सर्व अमेरिकी नाण्यांसाठी स्वीकारले.

नाणे विकत घेणारा आणि विकणारा यांच्या ज्ञानात मोठी तफावत असते. विक्रेत्याला दोष ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. परिणामी ग्राहक सर्वच मालाला कमी भाव देतो आणि चांगला माल बाजारातून बाहेर पडतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून केलेले हे विवेचन नाण्यांनाही लागू पडते. या अडचणीवरचा उपाय म्हणून त्रयस्थ संस्था पुढे आल्या. पीसीजीएस ही संस्था १९८५ मध्ये आणि एनजीसी ही १९८७ मध्ये स्थापन झाली. नाणे अस्सल असल्याची ग्वाही देणे, श्रेणी ठरवणे आणि नाणे सीलबंद करणे ही त्यांची मूळ कामे होत. अस्सलतेच्या ग्वाहीची उपयुक्तता निर्विवाद आहे. मुंबई टांकसाळीचा १९३९ सालचा रुपया अत्यंत दुर्मीळ असून त्याचे बनावट नमुने बाजारात आढळतात. अशा नाण्याबाबत 'हे अस्सल आहे' एवढे एक वाक्यच निर्णायक ठरते.

अतिरिक्त चिन्हांचे स्वरूप

श्रेणीच्या अंकापलीकडील चिन्हांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग श्रेणीच्या पोटविभागांचा. २०१० मध्ये पीसीजीएस व एनजीसी या दोन्ही संस्थांनी अधिक चिन्ह सुरू केले. आपल्या श्रेणीतील वरच्या दर्जाचे, म्हणजे पुढील अंकाच्या जवळ पोहोचलेले नाणे असा त्याचा अर्थ. २००७ मध्ये स्थापन झालेल्या सीएसी या संस्थेची हिरवी व सोनेरी चिकटचिन्हे याच जातीची आहेत. अन्य संस्थेने दिलेली श्रेणी योग्य अथवा अपेक्षेहून कमी असल्याचा निर्वाळा ती देतात.

दुसरा वर्ग नजरेत भरणाऱ्या सौंदर्याचा. एनजीसीचा तारा हे त्याचे उदाहरण होय.

तिसरा वर्ग पृष्ठभागाच्या व ठशाच्या गुणांचा. तांब्याच्या नाण्यावर मूळ तांबूस रंग सुमारे ९५ टक्के वा अधिक उरला असल्यास 'लाल', सुमारे ५ टक्क्यांहून कमी असल्यास 'तपकिरी' आणि मधल्या अवस्थेस 'लाल-तपकिरी' अशी नोंद होते. आरशासारख्या पृष्ठभागासाठी 'प्रूफलाइक' ही संज्ञा वापरतात. अमेरिकेच्या काही नाण्यांवर विशिष्ट रेषा पूर्णपणे उमटल्या आहेत काय, हेही नोंदवले जाते.

चौथा वर्ग ओळखीचा. यात ठशाचा प्रकार, मूळ नाणे की पुनर्मुद्रण, आणि नाण्याची पूर्वमालकी यांचा समावेश होतो.

बट्टा आणि सराफी ठसा

नाण्यावर त्रयस्थाने गुणवत्तेची खूण करणे ही गोष्ट मराठी मुलखाला नवी नाही. पेशवेकाळात अंकुशी, चांदवडी अशा नाना टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चलनात होते. त्यांचे वजन व कस सारखे नसल्याने एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना बट्टा आकारला जाई. 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार याच व्यवहाराची आठवण करून देतो. नाणी पारखणारे सराफ व सरकारी खजिन्यातील पोतदार यांना या व्यवस्थेत महत्त्वाचे स्थान होते. अनेक रुपयांवर सराफांनी उमटवलेले लहान ठसे आजही दिसतात. या व्यवस्थेचा हेतू शेवटी एकच होता : रुपयात चांदी किती, हे ठरवणे. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया काढला आणि जुने रुपये जसजसे मागे पडले तसतशी या ठशाची गरजही ओसरत गेली.

येथे एक विसंगती लक्षात येते. सराफाचा ठसा त्या काळी रुपयाची पत वाढवीत असे. आजच्या श्रेणीकरणात तोच ठसा पृष्ठभागावरील इजा म्हणून गणला जातो. गुणवत्तेचे चिन्ह ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्माला येते तो प्रश्न संपला की त्या चिन्हाचे मूल्यही संपते, हा बोध आजच्या चिन्हांनाही लागू आहे.

मूल्यमापनाच्या तीन कसोट्या

उपरोक्त चिन्हांचे मूल्य ठरवताना तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. चिन्हाने सांगितलेला गुण नाण्यात आहे की पाहणाऱ्याच्या मतात? दहा वर्षांनी दुसऱ्या तज्ज्ञाने पाहिल्यास तोच निष्कर्ष निघेल काय? आणि त्या नोंदीमुळे नाण्याविषयी नवी माहिती मिळते काय?

अधिक चिन्ह पहिल्या दोन कसोट्यांवर कमकुवत ठरते. पेटीतून काढून पुन्हा पाठवलेल्या नाण्याला वेगळा अंक मिळू शकतो, हे संग्राहकांना चांगले ठाऊक आहे. वाढीव अंकाच्या आशेने नाणी पुन्हा पुन्हा पाठवली जातात, याचे कारण तेच. जेथे पूर्ण अंकच एका पायरीने मागेपुढे होऊ शकतो, तेथे अंकाच्या पोटातील विभाग सांगणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. काटा खोटा नसतो. तो तेवढ्या सूक्ष्म कामासाठी नसतो. सीएसीचे चिकटचिन्ह हे मतावरील मत आहे. अतिशय मौल्यवान नाण्याबाबत दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे शहाणपणाचे असले, तरी ही संस्था मुख्यतः अमेरिकी नाण्यांचेच काम करीत असल्याने भारतीय संग्राहकाला त्याचा उपयोग नाही.

ताऱ्याचा आधार सौंदर्यदृष्टी हा आहे. ज्याला नाणे प्रत्यक्ष पाहता येते त्याला ताऱ्याची गरज नाही. ज्याला पाहता येत नाही त्याच्यासाठी तो काही अंशी मार्गदर्शक ठरतो.

तांब्याच्या रंगाची नोंद पहिल्या कसोटीवर टिकते, कारण रंग नाण्यातच असतो. दुसऱ्या कसोटीवर मात्र ती डळमळते. तांबे हवेशी, ओलाव्याशी व गंधकयुक्त वायूंशी सतत अभिक्रिया करीत असते. बंद पेटीतही ही प्रक्रिया पूर्णपणे थांबत नाही. त्यामुळेच पीसीजीएसने २०१० पासून तांब्याच्या नाण्यांच्या रंगबदलाची हमी देणे बंद केले. 'लाल' ही नोंद तपासणीच्या दिवसाची साक्ष आहे. खरेदीच्या दिवसाची नव्हे. कोकणच्या दमट हवेत ठेवलेल्या आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत ठेवलेल्या पाव आण्याचे भवितव्य एकसारखे असणार नाही.

चौथा वर्ग तिन्ही कसोट्यांना उतरतो. मुंबई व कोलकाता येथील टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुनर्मुद्रित नाणी काढली आणि ही प्रथा १९७० पर्यंत चालू होती. मूळ प्रूफ नाणे आणि पुनर्मुद्रण यांवर एकच साल असते, रूपही बरेचसे सारखे असते. किमतीत व ऐतिहासिक अर्थात मात्र मोठे अंतर असते. येथे 'पुनर्मुद्रण' हा एक शब्द नाण्याची ओळखच बदलून टाकतो. तो शब्द कागदावर असणे कोणत्याही ताऱ्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

शिवराईचे उदाहरण

महाराष्ट्राच्या संदर्भात या कसोट्यांची खरी परीक्षा शिवराईवर होते. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे हाताने पाडले जाई. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे संपूर्ण लेख एकाच नाण्यावर उमटलेला क्वचितच दिसतो. शिवाय शिवछत्रपतींनंतरही दीर्घकाळ निरनिराळ्या टांकसाळींतून शिवराई पाडली जात होती. यंत्रावर पाडलेल्या, एकमेकांसारख्या नाण्यांसाठी बनवलेले सत्तर अंकी माप या नाण्याला लावले, तर ते प्रामुख्याने झीज मोजते. शिवराईबाबत अभ्यासकाचे प्रश्न वेगळे असतात : अक्षरांचे वळण कोणते, ऱ्हस्व-दीर्घ कसे लिहिले आहे, बिंदू अथवा अन्य चिन्हे कोठे आहेत, नाणे कोणत्या काळातील असावे. के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी यांवरील ग्रंथ १९८९ मध्ये नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. अशा ग्रंथाच्या आधारे केलेली प्रकारनिश्चिती शिवराईच्या ज्ञानात जी भर घालते, ती अधिक चिन्ह घालू शकत नाही. झिजलेली पण दुर्मीळ वळणाची शिवराई ही सुबक परंतु सर्वसामान्य शिवराईपेक्षा अभ्यासाच्या दृष्टीने श्रेष्ठ असते.

घरगुती नाणी आणि कायदा

केमसारख्या गावातील घरगुती नाण्यांना ही चर्चा कशी लागू होते, हे पाहणे आवश्यक आहे. करमाळा तालुक्याची सीमा पूर्वीच्या निजामी मुलखातील परांडा तालुक्याला भिडलेली असल्याने या भागात ब्रिटिश रुपयांच्या जोडीने हैदराबाद संस्थानचे हाळी रुपयेही घरांतून मिळणे स्वाभाविक आहे. यांपैकी पूजेसाठी घासलेली, कडी डागून हारात ओवलेली किंवा भोक पाडलेली नाणी श्रेणीकरणासाठी पाठवल्यास त्यांना सहसा अंक मिळत नाही. 'घासलेले', 'दागिन्यातून काढलेले' असा दोषनिर्देश तेवढा मिळतो. तारा वा अधिक चिन्ह हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. १९४० पासून रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. त्यानंतरच्या सर्वसामान्य, वापरलेल्या रुपयाबाबत तर प्रमाणीकरणाचा खर्चच नाण्याच्या किमतीहून अधिक होण्याचा संभव असतो.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे शिवराई किंवा राणी छापाचा रुपया परदेशी संस्थेकडे श्रेणीसाठी धाडण्याचा सल्ला हा बेकायदेशीर निर्यातीचा सल्ला ठरतो. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे.

निष्कर्ष

१. त्रयस्थ प्रमाणीकरणाचा मुख्य लाभ अस्सलतेच्या ग्वाहीत आहे. अतिरिक्त चिन्हांचा लाभ त्यानंतरचा आणि मर्यादित आहे.

२. श्रेणीचे पोटविभाग व सौंदर्यदर्शक चिन्हे ही मते आहेत. विक्रेत्याला त्यांचा फायदा होऊ शकतो. अभ्यासासाठी किंवा वारसा जतनासाठी त्यांवर खर्च करण्याचे कारण नाही. खरेदीदाराने चिन्हाला नव्हे, नाण्याला किंमत द्यावी.

३. तांब्याच्या रंगाची नोंद उपयुक्त परंतु कालसापेक्ष आहे. खरेदीपूर्वी नाणे प्रत्यक्ष पाहणे अपरिहार्य ठरते.

४. ठशाचा प्रकार, मूळ वा पुनर्मुद्रण हा निर्देश आणि पूर्वमालकीची नोंद ही चिन्हे खरोखर मिळवण्याजोगी आहेत.

५. घरगुती नाण्यांसाठी सर्वांत मोलाची नोंद विनामूल्य करता येते. नाणे कोणत्या गावचे, कोठून आले, कोणत्या नाण्यांच्या सोबत होते, त्याचे वजन व व्यास किती, एवढे लिहून दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह जतन करणे कोणत्याही महाविद्यालयाच्या इतिहास विभागास शक्य आहे. विद्यार्थ्यांकरवी हे काम झाल्यास दोन गोष्टी साधतील. नाणे विकले गेले, तरी त्याचा इतिहास गावात राहील. आणि नाणे घासू नये, ही साधी सूचना देवघरापर्यंत पोहोचेल. पूजेसाठी अलीकडचे नाणे वापरून जुने नाणे कोरड्या कागदी पाकिटात ठेवल्यास श्रद्धेलाही बाध येत नाही.