सुरूच्या बनातील शालेय शिबिर

कोकण किनाऱ्यावरील सुरूची बने वाळू व वारा रोखण्यासाठी लाविलेली आहेत. सुरूच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र साठवितात. म्हणून हा वृक्ष निकस वाळूतही वाढतो. तेथे शिबिर भरविल्यास निसर्गाभ्यासाचे असे अनेक पाठ प्रत्यक्ष देता येतात. मात्र पहिला पाठ भरती-ओहोटीचा असावा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिरा येथे सहलीस आलेले १४ विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले, ही गोष्ट शिक्षकांनी विसरू नये.

तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते. चतुर्थीस सुमारे ३, अष्टमीस ६ वाजता भरती येते. दुसरी त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. हे गणित मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे आणि गावातील कोळी बांधवांकडून पडताळून पाहावे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असते. ते दिवस टाळावेत.

मुक्काम भरतीच्या रेषेपासून पुष्कळ वर असावा. सुरूचा वाळलेला पाला त्वरित पेट घेतो, म्हणून चूल बनाबाहेर उघड्या वाळूवर मांडावी. ओहोटीचे पाणी आत ओढते. त्या वेळी एकाही मुलास पाण्यात उतरू देऊ नये.