भूकंपाच्या चौदा दिवस आधी

१७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळचे ५ वाजून ४ मिनिटे. कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा शिखराजवळ जमिनीखालचे खडक सरकले आणि सुमारे १५ सेकंदांत सॅन फ्रान्सिस्कोचा सारा परिसर हादरला. ६.९ तीव्रतेच्या या भूकंपात ६३ माणसे दगावली. त्यांतली ४२ ओकलंडमधला दुमजली महामार्ग कोसळून. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अनेक इमारतींचेही मोठे नुकसान झाले.

याच विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी भूकंपाच्या १४ दिवस आधी १३७ विद्यार्थ्यांची मानसिक स्थिती नोंदवून ठेवली होती. मन उदास झाले की तुम्ही काय करता, हेही त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले होते. भूकंपाची चाहूल अर्थातच कुणाला नव्हती. आघाताचा अभ्यास एरवी आघातानंतरच सुरू होतो. माणूस आधी कसा होता हे त्याच्या आठवणीवरून ताडावे लागते, आणि दुखावलेले मन मागचे दिवसही आपल्याच रंगात रंगवते. इथे मात्र ते आधीचे दिवस कागदावर जसेच्या तसे उतरलेले होते. नोलेन-होक्सेमा आणि जॅने मॉरो यांनी भूकंपानंतर १० दिवसांनी आणि ७ आठवड्यांनी पुन्हा पाहणी केली.

निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावर भूकंपात अधिक बिकट प्रसंग ओढवला, त्यांना त्रास अधिक झाला. पण दुःख मनात घोळवत बसण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, त्यांच्यातही उदासीची आणि ताणाची लक्षणे दोन्ही वेळा जास्त आढळली. या सवयीचे शास्त्रीय नाव गुरांच्या रवंथावरून आले आहे. ‘माझेच असे का होते?’ हा घास पुन्हा पुन्हा वर येतो, चघळला जातो, आणि तरीही पचत नाही.

मग दुःखाकडे पाहूच नये का? तसे मुळीच नाही. पीटर सॅलोव्ही, जॉन मेयर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना मन अस्वस्थ करणारी चित्रफीत दाखवली. आपल्याला नेमके काय वाटते हे ज्यांना स्पष्ट कळत होते, त्यांच्या मनातले तेच ते विचार पुढे ओसरत गेले. त्याआधी १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायचे. काहींनी साध्या विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातल्या आघाताबद्दल. घडलेले आणि त्या वेळी वाटलेले, दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर अधिकच उदास वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राची पायरी त्यांना कमी वेळा चढावी लागली.

रवंथ आणि जाणीव यांतला फरक इथे दिसतो. रवंथात मन एकाच जागी फिरत राहते. जाणिवेत ते भावनेला नाव देते: ही भीती, हा राग, ही आपण बचावल्याची अपराधी बोच. मराठीत तर हुरहूर वेगळी, धास्ती वेगळी, घालमेल वेगळी. ‘टेन्शन आलंय’ या दोन शब्दांखाली हे सगळे गाडले जाते, तेव्हा नेमके काय दुखते आहे हेच कळेनासे होते.

भूकंपानंतर पेनेबेकर आणि केंट हार्बर यांना आणखी एक गोष्ट दिसली. पहिले दोन-तीन आठवडे जो तो भूकंपाविषयीच बोलत होता. मग बोलणे आटले. लोकांना स्वतःचे सांगायचे होते, दुसऱ्याचे ऐकायचे नव्हते. स्टॅनफर्डला लागून असलेल्या पालो आल्टोत ‘तुमचा भूकंपाचा अनुभव न सांगितल्याबद्दल आभार’ अशा अर्थाचे टी-शर्ट दिसू लागले. मनातले विचार मात्र बोलण्याइतक्या लवकर थांबले नव्हते.

म्हणून वसतिगृहातल्या एखाद्या मुलावर आघात कोसळला, तर पहिल्या दिवशी त्याच्याभोवती गर्दी होईलच. खरी गरज असते ती चौथ्या आठवड्यात, त्याच्या खोलीचे दार पुन्हा वाजवून ‘आज कसं वाटतंय?’ असे विचारणाऱ्याची, आणि उत्तर येईपर्यंत थांबणाऱ्याची.